हक्क की सवलत? विदर्भातल्या आदिवासी गावांवरचा इंग्रजी बंदोबस्त

नागपुरात समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा: "इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं उलटली. गोंड, माडिया, कोलाम, पारधी यांच्या आजच्या अडचणी अजूनही वसाहतवादाच्या माथी मारणं ही पळवाट नाही का? आणि परिणाम खरोखर असेल, तर एखाद्या गावात तो दाखवायचा कसा, आणि त्यावर करता काय येतं?"

पहिला भाग रास्त आहे. "इंग्रजांनी जंगल लुटलं" एवढं म्हणून थांबलं तर ती पळवाटच ठरते, कारण त्या वाक्यामुळे आज कोणालाच काही करावं लागत नाही. पण गावाचे कागद उघडून बसलं की बोलणं नेमकं होतं. नागपूर विभागातलं जंगलालगतचं कुठलंही गाव घ्या आणि त्याच्या कागदांत दोन शब्द शोधा: हक्क आणि सवलत. हक्क काढून घ्यायचा तर चौकशी लागते, कारण द्यावं लागतं, भरपाई द्यावी लागते. सवलत एका परिपत्रकाने बंद होते. इंग्रजी अमलात इथल्या गावांचे जंगलातले बहुतेक वापर पहिल्या शब्दातून दुसऱ्या शब्दात सरकवले गेले आणि स्वातंत्र्यानंतर महसूल व वन खात्यांनी तीच वही पुढे चालवली. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या सरकवण्यात आहे, बाकीचं तपशिलाचं काम.

देवगडच्या बख्त बुलंद शाहने 1702 मध्ये वसवलेलं नागपूर गोंडांकडून भोसल्यांकडे गेलं. तिसऱ्या रघूजींच्या निधनानंतर 1854 मध्ये ते खालसा झालं आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. मधल्या काळात, 21 ऑक्टोबर 1858 ला, बंड करणारे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात फाशी दिली गेली. म्हणजे पुढचे बंदोबस्त (जमीन आणि जंगल कोणाचं याची सरकारी मोजणी आणि नोंद) गावांशी बोलणी करून झालेले नव्हते, बंड मोडून काढल्यावर झालेले होते. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रुळांखाली स्लीपर हवे होते आणि इंजिनांना जळतन. वनखातं 1864 मध्ये आलं, पहिला वनकायदा 1865 चा, त्याहून कडक 1878 चा आणि आजही लागू असलेला 1927 चा.

जमिनीचा बंदोबस्त त्याच दशकांतला. त्याआधी गावाचा वसूल गोळा करणारा पाटील किंवा ठेकेदार असायचा. इंग्रजांनी त्याला मालगुजार म्हणून गावाचा मालक ठरवलं. मालकी आली म्हणजे गहाण आलं, विक्री आली, कोर्टाचा हुकूमनामा आला. अशा व्यवहारात कागद वाचता येणाऱ्याची सरशी होते, आणि अनेक गोंड गावं सावकारांच्या नावे गेली. जुन्या खतावण्यांत "सीर", "खुदकाश्त", "मालिक मकबुजा" असे शब्द दिसतात. पहिले दोन मालगुजाराच्या घरच्या शेतीचे, तिसरा स्वतःच्या तुकड्याची मालकी मिळालेल्या शेतकऱ्याचा. गोंड नावं या तीन रकान्यांत किती आहेत आणि साध्या कुळांच्या यादीत किती, एवढं मोजलं तरी त्या गावात काय घडलं ते अर्ध्या तासात कळतं. मध्य प्रांत सरकारने जमीन हातची जाऊ नये म्हणून 1916 मध्ये कायदा केला खरा, पण ते तहान लागल्यावर विहीर खणणं होतं. आजच्या महसूल संहितेतलं कलम 36-अ आणि 1974 चा आदिवासींना जमीन परत करण्याचा कायदा त्याच दुखण्यावरची पुढची औषधं.

आता जंगल. 1927 च्या कायद्यातली चार कलमं पाठ असावीत. कलम 4 ने सरकार जाहीर करतं की अमुक क्षेत्र राखीव करायचं आहे. कलम 6 ने वन जमाबंदी अधिकारी आजूबाजूच्या गावांत जाहीरनामा लावतो आणि ज्याचा काही हक्क असेल त्याने तो लेखी किंवा समक्ष येऊन सांगावा म्हणून किमान तीन महिने देतो. कलम 9 म्हणतं की ज्या हक्काचा दावा आला नाही आणि जो चौकशीतही कळला नाही, तो संपला. अंतिम अधिसूचनेआधी उशिराचं सबळ कारण पटवून दिलं तरच सूट. आणि कलम 10 मध्ये, फिरत्या शेतीबद्दल, म्हणजे माडियांच्या पेंड्याबद्दल किंवा बैगांच्या बेवरबद्दल, स्पष्ट लिहिलंय की ही प्रथा नेहमी सवलतच मानली जाईल आणि सरकार ती कधीही बंद करू शकेल.

हे डोळ्यांपुढे आणून पाहा. जाहीरनामा "स्थानिक भाषेत" लावायचा, म्हणजे मराठीत किंवा हिंदीत. ज्यांचे हक्क होते त्यांची भाषा गोंडी किंवा माडिया, आणि तिच्यात लेखी व्यवहार नव्हता. मोहाचं झाड कोणाच्या घराण्याचं, कुठल्या नाल्यापर्यंत कोणाची गुरं, पेनठाण्याची (पेन म्हणजे गोंडांचा देव) हद्द कुठवर, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं आणि कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीन महिन्यांत कोणी आलं नाही आणि हक्क संपला. कोणी बंदूक रोखली नाही, नोटीस नीट लागली होती, फाईल स्वच्छ होती.

याच कायद्यातलं आणखी एक कलम रोजच्या जगण्यात जास्त बोचतं, ते 69. वनउपज कोणाची याबद्दल वाद झाला तर ती सरकारची आहे असं गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. बंडीत चार बांबू घेऊन येणाऱ्या माणसाला नाक्यावर थांबवलं तर बांबू त्याच्या शेताच्या बांधावरचे आहेत हे त्यानेच सिद्ध करायचं. शिवाय कायद्याच्या व्याख्येत बांबू हे "झाड" होतं, आणि ते 2017 पर्यंत तसंच राहिलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपज म्हटलं, म्हणजे अकरा वर्षं एकाच देशात दोन कायद्यांत बांबू एकदा झाड होतं आणि एकदा नव्हतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना हातात पडायला 2011 उजाडलं. अडवणूक करणाऱ्यांकडे जुन्या कायद्याचा आधार होता आणि तो खोटा नव्हता. आजच्या परिणामाचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं दुरुस्त व्हायची एक संधी होती. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. गावाचं पडीक, जंगल, रस्ते, तलाव सगळं सरकारजमा झालं. (आपल्याकडचं "मामा तलाव" हे नाव त्याच दिवसाचं अपत्य. मामा म्हणजे माजी मालगुजारी. तलाव बहुतेक गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले, नावात मात्र मालगुजार.) गावाचं गावाला परत द्यायच्या ऐवजी मालक तेवढा बदलला, आणि गावाचे वापर पुन्हा निस्तार (सरपण, चराई अशा रोजच्या गरजा) म्हणून, बऱ्याचदा सवलतीच्या भाषेत, नोंदले गेले.

त्याच नोंदींतून निघालेला घोळ म्हणजे झुडपी जंगल. मालगुजारी काळात गावालगतच्या खुरट्या, गुरं चारायच्या माळाला महसुली कागदात "झुडपी" लिहिलं गेलं. तिथे ना धड जंगल होतं ना धड शेत. गावं वाढली तशी त्यावर घरं, शाळा, स्मशानं, शेतं आली. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर "कागदावर जंगल असेल ते जंगल" ठरलं, आणि पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत पटवाऱ्याने एकेकाळी सहज लिहिलेल्या एका शब्दावर हजारो कुटुंबं अडकली. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे जंगलच आहे असं सांगितलं आणि 1996 पूर्वीच्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीचा रस्ता मोकळा ठेवला. अशा जमिनीवर पिढ्यान्पिढ्या कसणारी आदिवासी कुटुंबं असतील तर त्यांनी "अतिक्रमण नियमित करा" असा अर्ज करू नये. वनजमीन ठरली म्हणजे वनहक्क कायदा लागू झाला, तेव्हा दावा त्याखाली करावा. अतिक्रमण हा शब्द स्वतःच्या सहीने लिहून दिला की पुढे प्रत्येक पायरीवर तोच आपल्यासमोर ठेवला जातो.

याद्यांचा परिणामही जमिनीइतकाच खोल आहे. 1935 च्या कायद्याखाली 1936 मध्ये "अंशतः वगळलेल्या क्षेत्रांची", म्हणजे जिथे नेहमीचे कायदे जसेच्या तसे लागू होत नसत अशा भागांची, यादी निघाली. तीत चांदा जिल्ह्यातली अहेरी आणि गडचिरोलीकडच्या जमीनदाऱ्या होत्या, मेळघाट होता, नागपूर जिल्हा नव्हता. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतली आदिवासी क्षेत्रं त्याच वाटेने आली. पुढे गावं आणि तालुके बदलले, 1985 मध्ये नवा आदेश निघाला, पण नागपूर जिल्हा त्यात कधी आला नाही. म्हणून गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या गोंड गावाला पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आहे आणि रामटेक तालुक्यातल्या देवलापार भागातल्या गोंड गावाला नाही. माणसं तीच, भाषा तीच, पेन तेच.

जमातींच्या यादीचंही असंच. विदर्भातल्या बऱ्याच जमातींना आधी ठरावीक तहसिलींतच अनुसूचित मानलं जायचं: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. नागपूरच्या सक्करदऱ्यात राहणारा गोंड या कायद्यापुरता आदिवासी नव्हता. 1976 च्या दुरुस्तीने क्षेत्रबंधन उठलं, ते 27 जुलै 1977 पासून. त्याचा त्रास आज जात पडताळणीत दिसतो. ज्या काळात नोंदीवर काहीच अवलंबून नव्हतं, त्या काळच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मास्तरांनी "गोंड", "राजगोंड", "हिंदू" जे सुचलं ते लिहिलं, आणि आता 6 सप्टेंबर 1950 पूर्वीची नोंद सर्वांत वजनदार पुरावा धरली जाते. गोवारींचं प्रकरण याहून वेदनादायक. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधानभवनाजवळ मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली. यादीतली नोंद "गोंड गोवारी" अशी आहे. गोवारी आणि गोंड गोवारी एकच का, यावर 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एक उत्तर दिलं आणि 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने दुसरं. दोन्हीकडच्या युक्तिवादांत रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथातली वर्णनं होती. निकाल कोणाला पटो न पटो, शंभर वर्षांपूर्वी एका सनदी अधिकाऱ्याने समाजाबद्दल लिहिलेल्या चार ओळींवर आज कोणाची नोकरी टिकते आणि कोणाची जाते, हे विसरू नये. पारध्यांबद्दल थोडक्यात: 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि चोरी झाली की आधी पालावर जायची पोलिसांची सवय राहिली.

आता कामाचं बोलू. एका गावाचा माग काढायचा तर हे कागद जमवा: पहिल्या बंदोबस्तापासूनची मिसल (गावाची फाईल), वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रक, मालगुजारी संपल्यानंतरचा अधिकार अभिलेख, गावनकाशा, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, वनखात्याच्या त्या वनविभागाची जुनी कार्य आयोजना (जंगलाच्या कामांचा आराखडा) आणि राखीव किंवा संरक्षित वनाची अधिसूचना. महसुली कागद तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात, जुनी सरकारी प्रकरणं आणि गॅझेटियर पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात, कार्य आयोजना सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात किंवा त्या त्या उपवनसंरक्षकाकडे. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, नक्कल 2 रुपये पान, मुदत 30 दिवस. अर्जात "गावाचे सर्व जुने कागद द्यावेत" असं लिहू नका, "अभिलेख उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं. मौजा, जुना तहसील, बंदोबस्त नंबर आणि कागदाचं नाव लिहा, आणि आधी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. जुना तहसील महत्त्वाचा: आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या गावाचे कागद चांद्याच्या गठ्ठ्यात असतात, गोंदियाचे भंडाऱ्याच्या.

निस्तारपत्रक हातात आलं की घाई करू नका. साधारणपणे एका बाजूला खसरा नंबर, मग क्षेत्र, मग ते कशासाठी राखलं: गुरचरण, सरपण, खळवाडी, मसणवटा, गावठाण, माती-मुरूम. हे कलम 161 खालचं, आणि ही तरतूद महसूल संहितेत विदर्भापुरती आहे. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला ते ठाऊक नसेल तर त्यात त्याचा दोष नाही, संहितेची प्रत सोबत ठेवा. कलम 165 चा वाजिब-उल-अर्ज वेगळा. त्यात पाणी, मासेमारी, वहिवाटीचा रस्ता अशा चालीरीती नोंदलेल्या असतात, आणि दुसऱ्या गावच्या जंगलात जाण्याचा उल्लेख मिळाला तर तो सोन्यासारखा. लोक निस्तारपत्रक आणतात आणि वाजिब-उल-अर्ज विसरतात.

वाचताना होणारी सर्वांत महागडी चूक मापाची. मध्य प्रांताचे कागद एकर-डिसमिलमध्ये आहेत, 100 डिसमिलचा एकर. "12.45" म्हणजे 12 एकर 45 डिसमिल, आणि 45 डिसमिल म्हणजे 18 गुंठे. 40 गुंठ्यांच्या एकराची सवय असलेला माणूस 45 गुंठे वाचतो आणि हिशेब 27 गुंठ्यांनी जास्त दाखवतो. मग वनहक्काच्या दाव्यात समितीपुढे बेरीज जुळत नाही आणि दावा संशयास्पद ठरतो. आधी एकराचे हेक्टर करा (2.47 ने भागून), मगच बेरीज मांडा. गावनकाशाचं प्रमाण सोळा इंचाला एक मैल, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर 330 फूट. झेरॉक्सवर मोजू नका, झेरॉक्स यंत्र प्रमाण बदलतं आणि दोन जोडलेली पानं कधीच नीट बसत नाहीत.

इथे एक विरोधाभास आहे आणि तो पचवून घ्यावा लागतो. ज्या कागदांनी हक्काची सवलत केली, तेच कागद आज हक्काचा पुरावा आहेत. "गावाला सरपण आणि चराईची सवलत आहे" ही ओळ लिहिणाऱ्याने गावाला कमी लेखण्यासाठी लिहिली असेल, पण गाव त्या जंगलावर जगत होतं हेही तिने नोंदवून ठेवलं. वनगुन्ह्याची जुनी पावतीही तशीच. 1950 च्या दशकात जंगलाच्या कक्ष क्रमांक अमुकमध्ये नांगर चालवला म्हणून दंड झाला, तर त्या कक्षात तेव्हा नांगर चालत होता हे सरकारनेच लिहून दिलं. वनहक्क कायद्याखालचा नियम 12-अ सांगतो की अतिक्रमणाच्या याद्या, दंडाच्या पावत्या, वन जमाबंदीचे अहवाल एवढ्यावर दावा नाकारता येत नाही. दावेदाराच्या बाजूने मात्र पुरावा म्हणून त्यांचा उपयोग होतो.

दाव्याची चौकट अशी. वनहक्क कायदा 2006 चा, लागू 31 डिसेंबर 2007 पासून, नियम 2008 चे आणि मोठी दुरुस्ती 2012 ची. कायद्याची प्रस्तावनाच मान्य करते की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही वनं एकत्र करताना या समाजांचे हक्क नीट नोंदले गेले नाहीत आणि हा ऐतिहासिक अन्याय झाला. तुमच्या प्रश्नातल्या "पळवाटी"ला संसदेचं हे उत्तर आहे. कायदा नागपूर जिल्ह्यातही लागू आहे, पेसा असो वा नसो. वैयक्तिक दावा नमुना अ मध्ये, कमाल 4 हेक्टर, ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा. निस्तारासारखे सामूहिक हक्क नमुना ब मध्ये. पारंपरिक हद्दीतल्या जंगलाच्या राखणीचा आणि व्यवस्थापनाचा हक्क नमुना क मध्ये. नमुना क मध्येच खरी ताकद आहे, आणि तोच सर्वांत कमी भरला जातो. लोक वैयक्तिक जमिनीच्या पट्ट्याच्या मागे लागतात, कारण पट्टा दिसतो. ब भरून क सोडला तर मोह वेचायचा हक्क मिळतो, पण कुठली झाडं तोडायची हे ठरवणारा कोणी दुसराच राहतो.

वनहक्क समितीत 10 ते 15 सदस्य, त्यात दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे, एक-तृतीयांश महिला. ग्रामसभेला निम्मी हजेरी आणि त्यात एक-तृतीयांश बाया. गट ग्रामपंचायतीच्या एकत्रित सभेत ही हजेरी भरत नाही, म्हणून महसुली गाववार सभा लावून घ्या. सह्यांचं पान इतिवृत्तालाच जोडलेलं हवं. सुट्या पानावरच्या सह्या म्हणजे दाव्यातलं पहिलं भोक. सभा तेंदूच्या हंगामात, एप्रिल अखेर ते मे, ठेवू नका. तेव्हा 70 पानांचा एकेक पुडा बांधण्यात सगळं घर गुंतलेलं असतं.

हद्दीची पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, पानगळ झालेली असते, टेकडीवरून टेकडी दिसते. म्हाताऱ्यांना पुढे ठेवा, जीपीएसवाल्याला मागे. उलट केलं की हद्द पायवाटेने जाते, परंपरेने जात नाही. प्रत्येक वळणावर बिंदू घ्या आणि शेजारी त्या जागेचं लोकांच्या तोंडचं नाव लिहा: नाल्याचा संगम, वनखात्याचा सीमेचा दगड, पेनठाणा, जुनं बेवारस गावठाण, दफनाची जागा. नाव गोंडीत असेल तर गोंडीतच लिहा. दाट झाडीत यंत्राची चूक पाच-दहा मीटर जाते, ती चालते. शेजारच्या गावाशी न बोलता आखलेली हद्द मात्र चालत नाही. दोन गावांची गुरं एकाच पहाडीवर जात असतील तर दोन्ही ग्रामसभांचा ठराव घ्या की हा तुकडा सामाईक. एवढं न केल्याने दोन्ही गावांचे दावे वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि भांडण लावल्याचा आळही गावावरच येतो.

पाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल खात्याला द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर पाहणी झालीच नाही असं समजा. त्यांनी येऊन पदनाम आणि तारखेसह सही करायची असते. ते आले नाहीत आणि पुढे "आम्ही नव्हतो" असा आक्षेप आला, तर प्रकरण फेरपाहणीला ग्रामसभेकडे परत येतं. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ही तरतूद ठाऊक नसल्याने गावं खात्याच्या तारखेची वाट पाहत बसतात.

पुरावे वनहक्क नियमांतल्या नियम 13 मध्ये आहेत आणि एकापेक्षा जास्त लागतात. एक कागद आणि एक जागा, अशी जोडी सगळ्यात टिकते: निस्तारपत्रकाची नक्कल आणि शंभर वर्षांची विहीर, गॅझेटियरचा उल्लेख आणि देवराई. वयस्कांचं निवेदन चालतं, पण निवेदन देणारा स्वतः दावेदार नसावा आणि ते लेखी हवं. एकाच मजकुराची वीस निवेदनं म्हणजे शून्य निवेदनं. प्रत्येकाला काय आठवतं तेच लिहा: कोणत्या साली कूप (वनखात्याच्या तोडीचा पट्टा) पडला, कोणता साहेब घोड्यावर यायचा, दुष्काळात कुठले कंद खणले. अमुकच कागद आणा असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीला धरता येत नाही.

गैर-आदिवासींबद्दल एक गैरसमज दावे बुडवतो. ढिवर, कोहळी, गोवारी अशा इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, वास्तव्य आणि जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं. तोच तुकडा 75 वर्षं कसल्याचा पुरावा लागत नाही. सामूहिक दाव्यात तर ते ग्रामसभेचेच सदस्य असतात. गोवारी म्हणजे मुळात गुराखी. चराईचे रस्ते आणि पाणवठे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसतात, आणि जमातीच्या यादीत नाव असो वा नसो, नकाशावर ते आलेच पाहिजेत.

नामंजुरी आली तर ती कारणांसह आणि प्रत्यक्ष हातात मिळाली पाहिजे, तिथून दाद मागायला 60 दिवस. "पुरावा अपुरा" हे कारण नव्हे, कुठला पुरावा का अपुरा ते लिहावं लागतं. 1936 च्या यादीचा दंश इथे पुन्हा जाणवतो. राज्यपालांच्या 2020 च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील देता येतं, आणि नागपूर विभागाची ती समिती बसते नागपुरात. देवलापारचा गोंड मात्र नागपूर जिल्ह्यातला असूनही त्या दारातून आत जाऊ शकत नाही. त्याला जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम, पुढे थेट उच्च न्यायालय. म्हणून नागपूर, भंडारा, गोंदियात उपविभागीय पातळीवरच फाईल पक्की करा. "नंतर जोडू" म्हणून काहीही बाकी ठेवू नका.

हक्कपत्र मिळालं की ढोल वाजतात आणि फाईल बंद होते, आणि इथेच शेवटची गळती असते. नियमाप्रमाणे अंतिम नकाशा होऊन महसूल आणि वन दोन्ही अभिलेखांत नोंद व्हायला हवी, जास्तीत जास्त तीन महिन्यांत. चौथ्या महिन्यात पटवाऱ्याकडून सातबारा काढा आणि वनखात्याकडून कक्षाच्या नोंदीची नक्कल. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून वनविभाग असेल, त्यावर वाद घालू नका. उजवीकडचा "इतर हक्क" रकाना पाहा. तो कोरा असेल तर त्याच दिवशी हक्कपत्राची प्रत जोडून अर्ज द्या. आणि भरलेला असेल तर शब्द नीट वाचा. "ग्रामसभेस गौण वनउपजाची सवलत" असं लिहिलेलं आढळलं, तर दुरुस्तीच्या अर्जात कायद्याचं कलम 3(1) उतरवून "सामूहिक वनहक्क" हे दोन शब्द मागून घ्या.